भर्ता कोण? : 'स्टार वॉर्स'मधले वैद्यकीय यंत्रमानव

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, की प्लेटोच्या 'लॉज'वर बोलता बोलता तुम्ही एकदम अंतराळयुद्धाच्या सिनेमावर कसे काय घसरलात? आमचं उत्तर एवढंच, की घसरलो नाही, त्याच रस्त्यानं पुढे आलो आहोत. मागच्या वेळी चौथ्या पुस्तकातल्या दोन प्रकारच्या वैद्यांपाशी आपण थांबलो होतो. त्या वैद्यांतला एक आम्हाला अचानक एका सिनेमात दिसला, म्हणून आजचा हा विषय.

आधी हद्द आखून घेऊ. 'स्टार वॉर्स'चा पसारा फार मोठा आहे. कादंबऱ्या, चित्रकथा, मालिका, खेळ. त्या सगळ्यात शिरायचं म्हटलं तर आमचं उरलेलं आयुष्य पुरणार नाही. आम्ही फक्त चित्रपटांविषयी बोलणार, आणि त्यातही चारच : १९७७चा पहिला, १९८०चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक', १९८३चा 'रिटर्न ऑफ द जेडाय' आणि २००५चा 'रिव्हेंज ऑफ द सिथ'. पडद्यावर जे दिसतं तेवढंच आमच्यासाठी प्रमाण. ज्यांना बाकीचं माहीत आहे त्यांनी नंतर भर घालावी.

आता प्रसंग बघा. १९८०च्या चित्रपटाच्या सुरुवातीला हॉथ नावाच्या बर्फाळ ग्रहावर ल्यूक स्कायवॉकरवर एक हिंस्र जनावर झडप घालतं आणि त्याला गुहेत उलटं टांगून ठेवतं. तो कसाबसा सुटतो, बर्फात कोसळतो, हान सोलो त्याला शोधून काढतो. बंडखोरांच्या तळावर आणल्यावर ल्यूकला एका उभ्या काचेच्या टाकीत, बॅक्टा नावाच्या द्रवात, तोंडावर श्वसनाचा मुखवटा लावून तरंगत ठेवतात. टाकीबाहेर दोन यंत्रं आहेत. एक माणसासारखं उभं राहणारं, सांगाड्यासारखं शरीर असलेलं. त्याचं नाव टू-वन-बी. हा शल्यवैद्य. दुसरं एखाद्या खांबासारखं, गोल, भोवती बारीक बारीक हात असलेलं. ते एफएक्स-सेव्हन, म्हणजे वैद्याचा मदतनीस.

या एफएक्स-सेव्हनला चित्रपटात काही क्षणांपलीकडे जागा नाही. बोलत नाही, कुणी त्याच्याशी बोलत नाही. तरी त्या पिढीतल्या अमेरिकन मुलांना तो चांगला ठाऊक होता, कारण केनर कंपनीने टू-वन-बी आणि एफएक्स-सेव्हन या दोघांच्याही छोट्या बाहुल्या बाजारात आणल्या. म्हणजे पडद्यावर नाव नाही, खोक्यावर आहे. परिचारकाच्या वाट्याला येणारी ही जुनीच गोष्ट. ती चित्रपटवाल्यांनी मुद्दाम केली असं आम्ही म्हणत नाही, पण घडलं ते असं.

चित्रपटाच्या शेवटी टू-वन-बी पुन्हा येतो. मधल्या काळात डार्थ व्हेडरने ल्यूकचा उजवा हात मनगटापासून तोडलेला आहे, आणि आपणच तुझे वडील असल्याचं सांगितलेलं आहे. रुग्णालयाच्या जहाजावर ल्यूकला नवा, यांत्रिक हात बसवला आहे. मनगटाची छोटी झडप उघडी आहे, आत सळया हलताना दिसतात. टू-वन-बी एक सुई घेऊन त्या हाताच्या बोटांना आणि तळव्याला टोचून बघतो. ल्यूक दचकतो, हात आखडतो. मग तो मूठ मिटून बघतो, झडप बंद होते, आणि तो उठून लेयाजवळ खिडकीशी जातो.

एवढंच. सगळं मिळून मिनिटभरही नसेल. पण आमच्या मते त्या चित्रपटातल्या सर्वांत विचारी जागांपैकी ही एक आहे. वेदनारहित हात बनवणं त्या जगात अवघड नसणार. तरी त्यांनी दुखणारा हात बनवला, आणि तो नीट दुखतो की नाही हे वैद्य तपासतो आहे. म्हणजे हात 'माझा' आहे याचा पुरावा काय, तर तो मला दुखतो. हातोडी माझ्या मालकीची असते, पण तिच्यावर घाव बसला तर मी ओरडत नाही. दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांनी या गोष्टीवर एक शब्द खर्च केलेला नाही. सुई दाखवली, दचकणं दाखवलं, पुढे गेले. शरीर म्हणजे माझ्याकडे असलेली एक वस्तू, की मी स्वतःच, या प्रश्नावर आम्ही वर्गात तास घालवले आहेत. इथे ते तीन सेकंदांत होतं.

मग तक्रार कशाची?

तक्रार अशी, की टू-वन-बी हाताला विचारतो, ल्यूकला विचारत नाही. सुई हा त्याचा प्रश्न आणि दचकणं हे उत्तर. ज्याला तासांपूर्वी आपला बाप कोण हे कळलं, तो माणूस त्या खाटेवर बसला आहे, आणि त्याच्याशी कुणाला काही बोलायचं नाही. पहिल्या प्रसंगात तर तो टाकीत आहे, मुखवटा लावलेला, बोलूच शकत नाही. दोन्ही ठिकाणी उपचार उत्तम, संभाषण शून्य.

इथे प्लेटो आठवतो. 'लॉज'मधला अथेन्सचा पाहुणा सांगतो, की वैद्य दोन प्रकारचे असतात. एक गुलाम वैद्य. हे मालकाच्या हाताखाली, बघून बघून, अनुभवानं शिकलेले. ते बहुतेक गुलामांनाच औषध देतात. रोग्याला रोगाविषयी काही सांगत नाहीत, त्याचं काही ऐकून घेत नाहीत, हुकूम सोडावा तसं औषध सोडतात आणि घाईघाईनं पुढच्या रोग्याकडे धावतात. दुसरा स्वतंत्र वैद्य. तो रोग्याशी आणि त्याच्या आप्तांशी बोलतो, रोग पहिल्यापासून समजून घेतो, स्वतः रोग्याकडून शिकतो, त्याला जमेल तितकं शिकवतो, आणि त्याचं मन वळल्याशिवाय उपचार लिहून देत नाही. प्लेटोला हा दाखला वैद्यकासाठी नको होता, कायद्यासाठी हवा होता : कायद्याने नुसता हुकूम द्यावा, की आधी समजावून सांगावं? पण दाखला म्हणून तो जे सांगून गेला ते आजही रुग्णालयाच्या दारात उभं आहे.

आता टू-वन-बी यातला कोणता? कौशल्यानं बघाल तर वरच्या प्रतीचा. वागण्यानं बघाल तर पहिल्या प्रकारचा. आणि सामाजिक स्थानानं तर अक्षरशः गुलाम. हे आम्ही चढवून बोलत नाही. 'रोबो' हा शब्दच वेठीतून आलेला. कारेल चापेक यांच्या १९२०च्या 'आर. यू. आर.' नाटकात तो पहिल्यांदा आला, त्यांना तो भाऊ योसेफ यांनी सुचवला, आणि 'रोबोटा' म्हणजे चेक भाषेत सक्तीचं राबणं. आपल्याकडे वेठबिगार म्हणतात ते. 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या चित्रपटात ड्रॉइड वाळवंटातले भंगारवाले विकतात, शेतकरी घासाघीस करून विकत घेतो, पळू नये म्हणून आर-टू-डी-टूच्या अंगावर एक खिळा ठोकलेला असतो, आणि गुत्त्याचा मालक ड्रॉइडांना आत घ्यायला चक्क नकार देतो. 'रिव्हेंज ऑफ द सिथ'च्या शेवटी सी-थ्री-पीओची स्मृती पुसून टाकायचा हुकूम सुटतो, आणि हुकूम देणारा माणूस कथेतला सज्जन आहे! हे सगळं विनोदाच्या अंगानं जातं. प्रेक्षक हसतो. आम्हीही हसलो होतो.

कुणी म्हणेल, अहो, यंत्राला काय वाटतं? यंत्राला दुखतं का? ठीक. पण मग याच चित्रमालिकेत 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये जब्बाच्या तळघरात एका बिचाऱ्या ड्रॉइडला उलटं करून त्याच्या पायांना डाग देतात आणि तो किंचाळतो, ते काय आहे? एकतर त्या जगात यंत्रांना वेदना होतात, किंवा होत नाहीत. चित्रपटकर्त्यांना दोन्ही हवं आहे : छळ दाखवायचा तेव्हा वेदना होते, खरेदी-विक्री दाखवायची तेव्हा होत नाही. ही विसंगती आम्हाला खटकते, कारण तिचा परिणाम थेट सुईच्या प्रसंगावर होतो. ल्यूकला सुई टोचणाऱ्याला सुई टोचणं म्हणजे काय हे स्वतःला माहीत आहे की नाही, हे आपल्याला कधी कळत नाही.

असो. प्लेटोनं इथवर आणलं. पुढचा रस्ता आमच्या मते चरकसंहितेतून जातो. कुणी म्हणेल हे आता ओढूनताणून होतं आहे. पण जरा ऐका. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण. म्हणजे परिचारकाला, एफएक्स-सेव्हनच्या जातकुळीला, तिथे वैद्याच्या रांगेत जागा आहे. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. परिचारकाचे चार गुण कोणते? उपचारज्ञता, म्हणजे शुश्रूषेचं ज्ञान. दाक्ष्य, म्हणजे हातचलाखी, तत्परता. शौच, म्हणजे स्वच्छता. आणि चौथा, अनुराग. जीव लावणं.

पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गुणात यंत्राला हरवणारा माणूस सापडणं कठीण. दमत नाही, हात थरथरत नाही, घाम येत नाही. राहता राहिला अनुराग. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, यंत्राला प्रेम करता येत नाही, म्हणून माणूस तो माणूस. आम्हाला हा युक्तिवाद आळशी वाटतो. रात्रपाळीच्या बाराव्या तासाला दमलेल्या परिचारिकेला प्रत्येक रोग्याबद्दल प्रेम वाटत असेल असं गृहीत धरणं हा तिच्यावरच अन्याय आहे. तिचा अनुराग भावनेत शोधायचा नसतो, ती कुणाच्या बाजूनं उभी राहते यात शोधायचा असतो.

आणि नेमकं हेच चरकाच्या शब्दात आहे. अनुराग कुणावर, तर 'भर्त्या'वर. भर्ता म्हणजे पोसणारा, धनी. संदर्भावरून अर्थ रोगी असाच घ्यायचा, कारण चर्चा रोग्याच्या शुश्रूषेची आहे. ज्याच्या घरी आजारपण आहे तोच परिचारकाला राबवतो, तोच पोसतो, तोच रोगी. धनी आणि रोगी एकाच खाटेवर. म्हणून एक शब्द दोघांना पुरला.

यंत्राच्या बाबतीत मात्र हा शब्द फुटतो. धनी एक, रोगी दुसरा. आजचा आमचा सगळा मुद्दा या फुटीत आहे.

'स्टार वॉर्स'मध्ये ही फूट तीन सुयांनी दाखवता येते. पहिली सुई १९७७च्या चित्रपटात. डेथ स्टारवरच्या कोठडीत लेया कैद आहे. व्हेडर आत येतो आणि त्याच्यामागून एक काळा गोळा हवेत तरंगत आत शिरतो, त्याच्या अंगावर पुढे आलेली इंजेक्शनची सुई. दार बंद होतं. आत काय झालं ते आपल्याला दाखवत नाहीत. तो गोळाही एका अर्थी वैद्यकीय यंत्रच आहे. शरीर जाणणारं, औषधं जाणणारं, शीर शोधणारं. उपचारज्ञता आहे, दाक्ष्य आहे. त्याचा भर्ता व्हेडर आहे. खाटेवरची लेया त्याची कुणी नाही.

दुसरी सुई टू-वन-बीची. इथे धनी म्हणजे बंडखोरांची सेना, रोगी म्हणजे त्याच सेनेचा अधिकारी. धनी आणि रोगी यांचं हित जुळतं, म्हणून आपल्याला टू-वन-बी मायाळू वाटतो. पण त्याच्या मायाळूपणाची कधी परीक्षाच झालेली नाही. उद्या सेनापतीनं सांगितलं, की हा मुलगा व्हेडरचा आहे, याच्या नव्या हातात एक कळ बसवून ठेव, लागली तर दाबू, तर टू-वन-बी काय करील? चित्रपटाला हा प्रश्न पडत नाही. आम्हाला पडतो. आणि खरं सांगायचं तर उत्तर काय असेल याबद्दल आम्हाला फारशी आशा नाही. ज्या जगात सज्जन माणूस ड्रॉइडची स्मृती पुसून घेतो, तिथे ड्रॉइडनं नाही म्हणण्याची सोय कुणी करून ठेवली असेल?

तिसरी सुई, खरं तर अनेक सुया आणि करवती, 'रिव्हेंज ऑफ द सिथ'च्या शेवटी. ज्वालामुखीच्या काठावर भाजलेला, हातपाय गमावलेला अनाकिन शस्त्रक्रियेच्या मेजावर आहे. भोवती वैद्यकीय ड्रॉइड. तो शुद्धीवर आहे, वेदनेनं तळमळतो आहे, यंत्रांचे हात काम करत राहतात. बाहेर उभा आहे सम्राट. तोच भर्ता. त्याला हवं आहे एक हत्यार, आणि ते तयार होऊन मिळतं. त्याच वेळी, आलटून पालटून, दुसऱ्या ठिकाणचं दृश्य दिसतं : पाद्मे बाळंत होते आहे, तिथेही वैद्यकीय ड्रॉइड. इकडे जन्म, तिकडे मुखवटा. जॉर्ज लुकस यांच्या संवादांवर लोक हसतात, आणि पुष्कळदा बरोबरच हसतात, पण दृश्यांची ही जोडणी भक्कम आहे.

मुखवटा चढवल्यावर नव्या व्हेडरचा पहिला प्रश्न काय? माझा पाय कसा आहे, मी जगेन का, असं काही तो विचारत नाही. तो विचारतो, पाद्मे कुठे आहे, ती बरी आहे ना? भोवती चार वैद्य उभे असताना हा प्रश्न जातो सम्राटाकडे, आणि उत्तर देतो सम्राट : तूच रागाच्या भरात तिला मारलंस. रोग्याला त्याची हकिगत धन्यानं सांगितली. ती खोटी आहे की अर्धी खरी, यावर चाहते वाद घालतात. आम्हाला महत्त्वाचं हे, की सांगण्याचा अधिकार कुणाचा हे आधीच ठरलेलं होतं. व्हेडरच्या आक्रोशानं आजूबाजूची यंत्रं चिरडली जातात. ज्यांनी त्याला जगवलं तेही त्यात मोडतात. कुणी मोजत नाही.

आता पाद्मेकडे येऊ. तिच्या मृत्यूवर इतकी टिंगल झाली आहे की आम्हाला त्यात नवी भर घालायची नाही. ड्रॉइड सांगतो, की वैद्यकीयदृष्ट्या ती पूर्ण निरोगी आहे, कारण कळत नाही पण ती आपल्या हातून चालली आहे, तिची जगण्याची इच्छा संपली आहे. आणि ती मरते. जुळी मुलं पाळण्यात, आणि आई इच्छा संपली म्हणून गेली! ताऱ्यांमध्ये उड्डाण करणाऱ्या संस्कृतीला बाळंतीण वाचवता येईना.

लोकांचा रोख यंत्राच्या अडाणीपणावर असतो. आमचा रोख वेगळा आहे. पटकथेला तिथे एक भोक पडलं होतं. पुढच्या कथेसाठी पाद्मेनं मरायला हवं होतं, आणि कारण सापडत नव्हतं. ते भोक यंत्राच्या तोंडून बुजवलं. हेच वाक्य एखाद्या म्हाताऱ्या मानवी डॉक्टरनं म्हटलं असतं तर प्रेक्षकानं लगेच विचारलं असतं, अहो, तुम्ही नीट तपासलंत का? ओबी-वानसुद्धा फार तर एक शब्द विचारतो आणि मग मान्य करतो. यंत्र म्हणालं ना, मग तसंच असणार. 'संगणकात तसं दिसतंय' हे वाक्य आपण खिडकीपलीकडून किती वेळा ऐकतो? त्यापुढे वाद थांबतो. त्या ड्रॉइडचं निदान चूक की बरोबर हे आम्ही सांगू शकत नाही. पण 'कशावरून?' हा प्रश्न त्याला कुणी विचारू शकत नाही, हे नक्की दिसतं.

गंमत अशी, की खऱ्या जगातल्या यंत्राला तो प्रश्न विचारता येत होता. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात 'मायसिन' नावाची संगणक-प्रणाली तयार झाली. एडवर्ड शॉर्टलिफ हे तिचे मुख्य कर्ते. रक्तातल्या जंतुसंसर्गाचं निदान करायचं आणि प्रतिजैविक सुचवायचं, हे तिचं काम. आत काही शे नियम, 'असं असेल तर तसं' या धाटणीचे. तिच्यात एक सोय होती. प्रणालीनं एखादी माहिती मागितली की डॉक्टरला उलट विचारता येई, 'का?' आणि ती कोणत्या नियमासाठी विचारते आहे ते सांगे. निष्कर्ष दिला की विचारता येई, 'कसा काढलास?' चाचणीत तिच्या शिफारशी तज्ज्ञांच्या तोडीच्या ठरल्या, तरी रोजच्या वापरात ती कधी आली नाही. प्लेटोच्या मोजमापानं पाहिलं तर मायसिनमध्ये स्वतंत्र वैद्याचा निदान एक गुण होता : कारण देण्याची तयारी. तिच्यानंतर तीसेक वर्षांनी कल्पनेत जन्मलेल्या ड्रॉइडमध्ये तो नाही. कल्पना वास्तवाच्या पुढे असते असं म्हणतात. इथे ती मागे पडली.

चरकाकडे एकदा पुन्हा जाऊ, रोग्याच्या गुणांसाठी. स्मरणशक्ती, सांगितलेलं पाळणं, न घाबरणं, आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. हा रोग्याचा गुण आहे खरा, पण ऐकणारा नसेल तर तो गुण असून नसल्यासारखा. पाद्मे शेवटच्या क्षणी बोलते. ओबी-वानला सांगते, की अनाकिनमध्ये अजून चांगलं शिल्लक आहे. पुढच्या तीन चित्रपटांचा कणा ज्यावर उभा आहे ते हे वाक्य. ते ड्रॉइडच्या नोंदीत जाणार नाही. कारण नोंदीत रकाना नाही.

मध्यंतरी आम्हाला स्वतःला आठवडाभर एका रुग्णालयात राहावं लागलं. काही गंभीर नव्हतं. उशाशी पडदा होता, त्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा. येणारा प्रत्येक जण आधी पडद्याकडे बघे, मग आमच्याकडे. काही जण दुसरी पायरी गाळत. तिसऱ्या दिवशी आमच्या लक्षात आलं, की आम्हीही सकाळी उठल्यावर आधी पडद्याकडे बघतो आणि मग ठरवतो की आज बरं वाटतंय की नाही! पडद्याचा यात काही दोष नाही. तो त्याचं काम चोख करत होता. पण तो कुणासाठी काम करतो हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्यासाठी? डॉक्टरांसाठी? की विम्याची कागदपत्रं बनवणाऱ्यासाठी? घरी येताना मिळालेल्या जाडजूड कागदांवरून तिसरी शक्यता आम्हाला बरीच दाट वाटली.

शस्त्रक्रियेतले रोबो आता पुष्कळांना ठाऊक आहेत. 'दा विंची' यंत्रणेला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. पण तिच्यात सर्जन बाजूला बसून हात चालवतो, यंत्र त्याचे हात बारीक करतं. तिला टू-वन-बी म्हणता येणार नाही. तिथे जबाबदार कोण हे ठाऊक आहे. आम्हाला काळजी आहे ती स्वतः निर्णय घेणाऱ्या, निदान सुचवणाऱ्या, खाट कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या प्रणालींची. त्यांच्या बाबतीत 'ती किती हुशार आहे' हा प्रश्न सगळे विचारतात. 'तिचा भर्ता कोण' हा फार थोडे.

हा प्रश्न विचारणारी एक कल्पित कथा मात्र आहे, आणि ती लहान मुलांचा सिनेमा म्हणून बाजूला पडते. डिस्नेचा २०१४चा 'बिग हिरो सिक्स'. त्यातला बेमॅक्स, पांढरा, फुगलेला, उशीसारखा परिचारक यंत्रमानव. तादाशी नावाच्या तरुणानं बनवलेला. त्याची एक अट आहे : रोग्यानं 'मी सेवेनं समाधानी आहे' असं म्हटल्याशिवाय तो बंद होत नाही. पाहा, बटण धन्याच्या हातात नाही, रोग्याच्या शब्दात आहे. इथे ज्ञापकत्व यंत्राच्या रचनेतच बसवलं आहे. तादाशी आगीत जातो. धाकटा भाऊ हिरो सूडानं पेटतो, बेमॅक्सच्या छातीतली सेवेची चकती काढून टाकतो, लढाईची तेवढी ठेवतो. आणि तोच मऊ बेमॅक्स माणूस मारायला निघतो. हात तेच, बळ तेच. भर्ता बदलला. पुढे चकती परत बसवल्यावर हिरो पुन्हा ती काढायला जातो, तेव्हा बेमॅक्स कप्पा उघडू देत नाही. धन्याला नकार देतो, कारण धनी हाच त्याचा रोगी आहे. शिवाय नुसता नकार देत नाही, तादाशीची जुनी चित्रफीत दाखवतो आणि हिरोला त्याचं दुःख बोलू देतो. प्लेटोच्या स्वतंत्र वैद्याचं याहून चांगलं चित्र अलीकडच्या लोकप्रिय सिनेमात आम्ही पाहिलेलं नाही. सिनेमा म्हणून तो 'एम्पायर'च्या जवळपासही पोचत नाही, उत्तरार्ध तर नुसती मारामारी आहे. पण या एका बाबतीत तो पुढे आहे.

आता टू-वन-बीच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. त्यानं बसवलेला हात. 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये जब्बाच्या नौकेवरच्या झटापटीत त्या हाताला गोळी लागते, आतली यंत्रं दिसू लागतात, ल्यूक त्यावर काळा हातमोजा चढवतो. शेवटच्या द्वंद्वात ल्यूक संतापाच्या भरात व्हेडरला खाली पाडतो आणि त्याचा उजवा हात तोडतो. तुटलेल्या मनगटातून तारा बाहेर आलेल्या. ल्यूक त्या ताऱ्यांकडे, म्हणजे तारांकडे बघतो, मग स्वतःच्या काळ्या मोज्यातल्या हाताकडे बघतो. आणि तलवार फेकून देतो. ओबी-वाननं त्याला सांगून ठेवलं होतं, की व्हेडर आता माणूस कमी आणि यंत्र जास्त उरला आहे, म्हणजे मारायला हरकत नाही असा त्याचा सूर. ल्यूकला नेमका उलटा बोध होतो, आणि तो त्याला होतो टू-वन-बीच्या हस्तकौशल्यामुळे. हात अस्सल दिसणारा, दुखणारा, पण आतून यंत्र. तो नसता तर बापाच्या तारांत स्वतःला पाहणं ल्यूकला जमलं असतं का? आम्हाला शंका आहे.

या निर्णयाच्या वेळी टू-वन-बी तिथे नाही, हे ओघानं आलंच. 'एम्पायर'च्या शेवटच्या चौकटीतही तो नाही. खिडकीपाशी ल्यूक आणि लेया, बाजूला सी-थ्री-पीओ आणि आर-टू-डी-टू. समोर आकाशगंगा फिरते आहे. सुई टोचणारा मागे खोलीत राहिला. बहुधा पुढच्या रोग्याकडे गेला असेल.

वेळ होत आली. 'व्हॉयेजर' मालिकेतल्या प्रकाशाच्या डॉक्टरविषयी कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, तिच्यापासून सुरुवात करू.